हळदीच्या दिवसांतली परीक्षा आणि त्यानंतरची सुट्टी

हिंगोली जिल्ह्यात विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा आणि हळदीची काढणी यांची गाठ दरवर्षी पडते. जूनमध्ये लावलेली सेलम हळद साधारण नऊ महिने जमिनीत राहते. फेब्रुवारीत पाला कापला जातो, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि शेवटी मोंढ्यात बीट. नेमक्या याच दिवसांत कॉलेजात सबमिशन, प्रॅक्टिकल, व्हायवा आणि पाठोपाठ लेखी पेपर. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद जिल्ह्यात सगळ्यांनाच झाला. पण ती हळद खणणाऱ्या आणि उन्हात पसरणाऱ्या हातांत बीए, बीकॉम, बीएस्सीला शिकणाऱ्या मुलामुलींचे हातही असतात.

अभ्यास कसा करावा हे सांगणारी बहुतेक पुस्तकं मुलाला स्वतःची खोली आहे, टेबल आहे आणि दिवस त्याच्या मालकीचा आहे असं धरूनच लिहिलेली असतात. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतकडच्या खेड्यांतून एसटीने कॉलेज गाठणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस असा मोकळा नसतो. सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेला, संध्याकाळची चुकली की अंधारात घर. मधल्या वेळात शेत. हा लेख त्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांतल्या मुलांना तो थोडाफार लागू पडेल.

मला एक गोष्ट ठामपणे वाटते. आपल्याकडे विषय राहतात ते बहुतेक वेळा बुद्धी कमी पडली म्हणून नाही. अभ्यासाचे दिवस आणि घरच्या कामाचे दिवस कधी एका कागदावर मांडलेच जात नाहीत, म्हणून राहतात. मुलगा मनातल्या मनात महिना मोजतो, वडील मनातल्या मनात मजूर मोजतात, आणि पेपरच्या आदल्या दिवशी दोघांची गाठ पडते. सुट्टीचंही तसंच. शेवटचा पेपर झाल्यावर सुट्टीचा विचार सुरू केला, तर तोवर ती दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलेली असते.

भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात करा

घरात कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी, भिशीची तारीख त्यावर आपण लिहितोच. परीक्षेचं वेळापत्रक आलं की पेपरच्या तारखाही त्यावरच लिहा, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसतील अशा. वेळापत्रक यायला उशीर असेल तर मागच्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज धरा. मग वडिलांजवळ किंवा मोठ्या भावाजवळ बसून त्याच कॅलेंडरवर घरची कामं टाका. काढणीला मजूर कधी मिळणार? शिजवायचा कुकर भाड्याने येतो, आपला नंबर कधी? हरभरा, गहू काढून झाला का? घरात किंवा भावकीत लग्न आहे का, हळदीचा कार्यक्रम कोणत्या रात्री? चौदा एप्रिलची मिरवणूक, गावची जत्रा, रमजान ईद, जे काही तुमच्या घरात महत्त्वाचं असेल ते सगळं टाका. त्या दिवशी आपण अभ्यास करणार नाही हे आधीच मान्य केलेलं बरं. अभ्यासाला बसायचं, मन मिरवणुकीत ठेवायचं आणि नंतर स्वतःला दोष देत राहायचं, यात दोन दिवस जातात.

एवढं झालं की बोलणी करा. "आबा, कुकर येईल त्या दोन दिवशी मी सकाळपासून रात्रीपर्यंत शेतात आहे. पण पहिल्या पेपरच्या आधीचे पाच दिवस आणि पेपरच्या मधले दिवस मला बोलावू नका," असं स्पष्ट सांगा. महिनाभर आधी सांगितलेलं घर ऐकतं. मजुराचा भाव वाढलेला असताना, उन्हात माल पसरलेला असताना मुलगा ऐनवेळी 'उद्या पेपर आहे' म्हणाला तर वडिलांना ते निमित्त वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. तुम्ही कबूल केलेले दोन दिवस मात्र खरोखर राबा. त्या दिवसांवरच पुढचे पाच दिवस मिळणार आहेत.

शेतीपंपाच्या विजेचीही नोंद करा. थ्री फेज लाइट एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री, असं चालतं. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी द्यायला तुम्हीच जात असाल तर त्या आठवड्यात पहाटेच्या अभ्यासाचा संकल्प सोडण्याच्याच दिवशी मोडतो. तेव्हा दुपारी झोपून संध्याकाळी बसा. वेळापत्रक लाइटच्या पाळीप्रमाणे बदलायला काही हरकत नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचं काम कॅलेंडरवर लिहिलं जात नाही. काढणीच्या दिवसांत आई शेतात गेली की स्वयंपाक, धुणंभांडी, लहान भावंडं आणि पाहुणे हे सगळं कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर येतं, आणि ते काम आहे असं कुणाला वाटतही नाही. म्हणून तेही लिहा. सकाळचा स्वयंपाक कोण, संध्याकाळचा कोण. भाऊ घरी असेल तर त्याचं नावही त्या कागदावर यायला हवं. एप्रिल-मेमध्ये स्थळं बघायला पाहुणे येतात, तेही बरेचदा पेपरच्या आदल्या दिवशी. हे थांबवणं एकट्या मुलीच्या हातात नसतं. कॉलेजातल्या ज्या मॅडमवर तुमचा विश्वास आहे त्यांना सांगा आणि घरी फोन करायला लावा. 'परीक्षा संपेपर्यंत पाहुणे नकोत' हे वाक्य मुलीने म्हटलं तर उद्धटपणा ठरतो, प्राध्यापिकेने म्हटलं तर सल्ला ठरतो. हे अन्यायाचं आहे, पण पेपर वाचवायचा असेल तर त्याचा उपयोग करून घ्या.

वाचून झालं म्हणजे आलं असं नाही

आता अभ्यासाबद्दल. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने तोच उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, उताऱ्याकडे न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं, सुमारे ८३ टक्के. लिहिणाऱ्यांना ७१. आठवडा गेल्यावर मात्र चित्र उलटलं. चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

आपल्याकडच्या किती मुलांची गोष्ट या आकड्यांत आहे! गाइड चार वेळा वाचलं, रात्री सगळं येत होतं, पेपरात मात्र पान कोरं. रात्री येत होतं ते खरंच होतं. ते आठवडाभर टिकणारं नव्हतं, एवढंच. म्हणून एक युनिट नीट वाचा, वही बंद करा आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल तसं लिहा. पहिल्यांदा चारच ओळी निघतील आणि फार वाईट वाटेल. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते लाल पेनने भरा. तोच मुद्दा दोन-तीन दिवसांनी पुन्हा लिहा, आठवड्याने आणखी एकदा. शेतात जाताना, एसटीत उभं असताना, पाण्याचं बारं धरलेलं असताना मनातल्या मनात उत्तर म्हणायचा प्रयत्न करा. त्याला पुस्तक लागत नाही, म्हणूनच शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत टेबलावरच्या विद्यार्थ्याइतकीच जमते.

मागच्या वर्षांचे पेपर जरूर सोडवा, पण एक काळजी घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी बदलली आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा पेपरसंच जुन्या पॅटर्नचा असू शकतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, त्यातल्या युनिटची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच गाइड विकत घ्या. तुमच्या अभ्यासक्रमात नसलेल्या प्रकरणावर चार दिवस घालवलेले विद्यार्थी दरवर्षी सापडतात. अंतर्गत गुणांकडेही दुर्लक्ष नको. ते सबमिशन आणि चाचण्यांतून मिळतात, आणि काठावरच्या विद्यार्थ्याला तेवढेच तारतात.

इंग्रजीचा प्रश्न सर्वांत जास्त दुखतो तो विज्ञान शाखेत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान घेतो आणि एका रात्रीत परक्या भाषेत पोचतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो इंग्रजी वाक्यं पाठ करून निभावतो, मग साध्या प्रश्नाची भाषा जरा फिरवली की अडकतो. माझा सल्ला असा की संकल्पना आधी मराठीतच समजून घ्या. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत. विषय मराठीत एकदा मनाला पटला की त्याच्या व्याख्या आणि सूत्रं इंग्रजीत पाठ करा, आणि उत्तर छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायचा सराव करा. एका वाक्यात एकच गोष्ट. आकृती काढा, तिला नावं द्या. परीक्षकाला तुमचं व्याकरण तपासायचं नसतं, त्याला मुद्दा हवा असतो. कला आणि वाणिज्य शाखांत कोणत्या विषयाचं उत्तर मराठीतून लिहिता येतं हे अर्ज भरतानाच विचारून घ्या. मराठीतून चालत असताना उगाच मोडक्या इंग्रजीत लिहून गुण घालवू नका.

मोबाईल बंद ठेवा असं सांगणं सोपं आहे, पण नोट्स व्हॉट्सॲपच्या गटावरच येतात. तेव्हा लागतील त्या पीडीएफ एका दिवशी उतरवून घ्या, महत्त्वाच्या पानांच्या झेरॉक्स काढा, आणि मग डेटा बंद करून फोन आईजवळ द्या. आई तो कणगीवर ठेवेल, तिथे तो सुरक्षित आहे.

ऊन हाही परीक्षेचाच भाग समजा. एप्रिल-मेमध्ये हिंगोलीत पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा ते चार अवघड प्रकरण कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. पहाटे पाच ते नऊ ही वेळ अवघड विषयाला द्या, दुपारी आकृत्या, वह्या पूर्ण करणं, लिहून झालेलं तपासणं अशी हलकी कामं. गावात किंवा तालुक्याला अभ्यासिका असेल तर दुपार तिथे काढा. पेपरच्या दिवशी एक गाडी आधीची पकडा. पाण्याची बाटली, ओआरएसचं पाकीट, हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेन हे आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवा आणि झोपा. रात्रभर जागून केलेला अभ्यास सकाळी उष्म्यात विरतो, आणि तीन तास लिहायला हातात बळही राहत नाही.

कॉपीबद्दल एकच सांगतो. १९८२ पासून राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. सापडलात तर एका पेपरचा प्रश्न उरत नाही, सगळी संपादणूक रद्द होऊ शकते. चिठ्ठ्या बनवण्यात जो वेळ आणि जी बारीक अक्षरं खर्च होतात, तेवढ्या वेळात त्यातला निम्मा भाग आठवून लिहिता आला असता.

जीव घाबरतो तेव्हा

काही मुलांना अभ्यास येत असूनही पेपर हातात पडला की छाती धडधडते, हात थरथरतात. अशा वेळी आधी येणाराच प्रश्न लिहायला घ्या, क्रमांक नीट टाका, पुढचं आपोआप सुचत जातं. पण कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, 'आपण नसलेलेच बरे' असे विचार येत असतील, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. अशा मुलाला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक स्वतःसाठी नको असेल तरी फोनमध्ये ठेवा, मित्रासाठी लागेल. कर्जाच्या वर्षी, नापिकीच्या वर्षी मराठवाड्यातल्या घरांत मुलांवर 'आता तूच' हे ओझं फार येतं. पालकांनी हे वाचलं तर एवढं लक्षात ठेवावं की निकालाच्या दिवशीचं पहिलं वाक्य मुलाला वर्षानुवर्षं आठवतं.

विषय राहिला तर

विषय राहणं ही लाजेची गोष्ट आपण करून ठेवली आहे. खरं तर या जिल्ह्याला तरी तसं वाटायचं कारण नाही. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, आणि नामदेवांची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका परीक्षेत कच्चं ठरण्याची आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं तपासलं आणि 'हे मडकं कच्चं' म्हणून निकाल दिला तो नामदेवांचा. विठ्ठलाशी ज्याचं रोजचं बोलणं, त्याला सगळ्यांसमोर कच्चं म्हटलं गेलं. नामदेव रुसले, दुखावले, आणि मग विसोबा खेचरांकडे गेले. ती भेट आपल्याच औंढा नागनाथला झाली असं परंपरा सांगते. पुढे त्याच नामदेवांची ६१ पदं शीख धर्माच्या गुरू ग्रंथ साहिबात गेली. मला या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. कच्चं ठरल्यावर ते शिकवणाऱ्याकडे गेले.

तुम्हीही जा. निकाल लागल्यावर चार दिवसांत त्या विषयाच्या प्राध्यापकांना भेटा आणि नेमकं विचारा, माझं कुठे चुकतं? लिहिण्याचा वेग, मुद्दा सुटणं, गणिताच्या पायऱ्या गाळणं, की प्रश्नच न समजणं? उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच ती तारीख विचारा. प्रत हातात आली की ती प्राध्यापकांसमोर उघडा. गुणांची बेरीज चुकलेली असेल तर कळेल, पण त्याहून जास्त उपयोग म्हणजे आपलं उत्तर परक्याच्या नजरेने वाचता येतं. पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरायचे की तीच रक्कम पुढच्या परीक्षेच्या अर्जाला ठेवायची, हे त्यानंतर ठरवा. पुढच्या वर्षात जाता येतं का, किती विषय राहिले तर अडतं, हे अभ्यासक्रमागणिक वेगळं असतं. मित्राच्या सांगण्यावर न राहता कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी नियम वाचा. आणि एक विषय राहिला म्हणून बाकी विषयांत मिळवलेले श्रेयांक बुडत नाहीत, हे घरी समजावून सांगा. 'पोरगा नापास झाला' आणि 'पोराचा एक विषय राहिला' यांत घरच्यांच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

सुट्टी कुणाची?

शेवटच्या पेपरनंतरचे तीन-चार दिवस काहीही ठरवू नका. झोपा, मामाच्या गावी जाऊन या. त्यानंतरच्या सुट्टीला तीन वाटेकरी असतात: घर, कमाई आणि तुम्ही स्वतः. तिघांना काय द्यायचं हे आधी ठरवलं नाही, तर तिसऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही.

कमाईसाठी पुण्याकडे जाणारी मुलं दरवर्षी वाढत आहेत. चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कंपन्यांत दीड-दोन महिन्यांचं काम गावातल्याच कुणीतरी लावून देतं. जायचं असेल तर जा, त्यात कमीपणा नाही, शिकायलाही पुष्कळ मिळतं. पण निघण्यापूर्वी हिशेब कागदावर करा. पगार किती, ठेकेदार किती कापणार, खोलीचं भाडं, मेस, जाण्यायेण्याचा खर्च, आणि पगार कोणत्या तारखेला. शेवटी हातात काय राहतं ते घरच्या हळदीच्या रोजंदारीशी ताडून पाहा. काही वेळा फरक इतका थोडा असतो की गावात राहून राहिलेला विषय काढणं जास्त फायद्याचं ठरतं. कंपनीत लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. मूळ गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरते. कंपनीचं नाव, खोलीचा पत्ता आणि ठेकेदाराचा नंबर घरी लिहून ठेवा. आणि मागे राहिलेल्या एका मित्रावर जबाबदारी द्या की निकाल लागला, परीक्षेच्या अर्जाची तारीख आली की लगेच कळवायचं. पुण्यात कामावर असताना अर्जाची तारीख निघून गेली, ही तक्रार फार ऐकू येते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी सुट्टी सोन्यासारखी असते. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मे महिन्यात धावायचं तर सूर्य उगवण्याआधी, आणि पोटभर पाणी पिऊन नव्हे, थोडं थोडं घेत. बहुतेक मुलं मैदानावर सगळा वेळ घालवतात आणि लेखीत मागे पडतात. गणित आणि मराठी व्याकरण दुपारच्या सावलीत रोज करा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी औंढ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघावं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. तशीच तिसरी वेधशाळा, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांची, औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जगातले शास्त्रज्ञ आपल्या तालुक्याचं नाव घेत असताना इथल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते फक्त जमिनीच्या भावाच्या गप्पांतून कळावं, याचं मला फार वाईट वाटतं. या प्रकल्पात पुण्याची आयुका ही संस्था सहभागी आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिचे उन्हाळी अभ्यासवर्ग असतात, त्यांचे अर्ज उन्हाळा सुरू होण्याआधी भरावे लागतात. या वर्षी चुकलं असेल तर पुढच्या वर्षीसाठी दिवाळीनंतरच संस्थेचं संकेतस्थळ बघायला लागा. तोवर स्वयम या सरकारी मंचावरचा एखादा मोफत अभ्यासक्रम घरी बसून करता येतो. फोन आणि नेट तर आहेच.

फिरायला पैसे लागतात असं म्हणून बसून राहू नका. नर्सी, औंढ्याचं दगडी कोरीव कामाचं देऊळ, पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण, शिरड शहापूरचं जैन मंदिर हे सगळं जिल्ह्यातच आहे, सकाळच्या गाडीने जाऊन उन्हाच्या आत परत येता येतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींचा गट करून मुलींनीही निघावं. धरणावर किंवा अनोळखी विहिरीत पोहायला मात्र उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात गाळ आणि कपारी असतात, आणि दर उन्हाळ्यात मराठवाड्यात याच दिवसांत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहता येणारीही त्यांत असतात.

राहिलेल्या विषयाला सुट्टीत रोज एक तास पुरतो, तोही सकाळचा. अख्खी सुट्टी त्यालाच द्यायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो आणि मग तो विषय थेट पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो. तासाभराने वही बंद करा आणि उरलेल्या दिवसाकडे अपराधी न वाटता जा.

मे महिन्यात एक काम मात्र नक्की उरका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, रहिवासी, जात पडताळणी यांतलं जे तुमच्या शिष्यवृत्तीला आणि प्रवेशाला लागतं ते आपले सरकार सेवा केंद्रातून आत्ताच काढायला टाका. दहावी-बारावीचे निकाल लागले की जूनमध्ये त्या दारात सगळा तालुका उभा असतो, आणि त्याच आठवड्यात पाऊस पडला की घरी पेरणीची घाई सुरू होते. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का, खातं बंद तर पडलं नाही ना, हेही त्याच फेरीत बघून या. अर्जावरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत सारखं हवं. 'बाई', 'राव' असा फरक असेल तर दुरुस्तीला महिना लागू शकतो, आणि तो महिना मे असलेला बरा.